म्हातारीचा तवा विसरू नका: 'द विचर ४'च्या निर्मात्यांना पुण्यातून खुलं पत्र

प्रति,
सीडी प्रोजेक्ट रेड,
वॉर्सा, पोलंड

स. न. वि. वि.

'द विचर ४' हा तुमचा नवा व्हिडिओ गेम कधी येणार, हे विचारायला हे पत्र लिहिलेलं नाही. उलट विनंती अशी, की तारीख इतक्यात सांगूच नका. २०२६ संपायच्या आत गेम येणार नाही, एवढं तुम्ही गुंतवणूकदारांना सांगून टाकलंय. आम्हाला तेवढं पुष्कळ झालं. आमच्यातले बरेचसे लोक हिंजवडी, खराडी नाहीतर मगरपट्ट्यात नोकरी करतात. क्लायंटला तारीख आधी देऊन टाकायची आणि काम किती आहे ते मागाहून मोजायचं, हा उद्योग आम्ही पोटासाठी करतोच. संध्याकाळी घरी येऊन जिथे जीव रमवायचा, तिथेही तेच नको.

तसे तुम्ही आम्हाला परके नाही. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले होते आणि तुमच्या वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. त्या नात्यावर सवलत मागणार नाही. सवलत मागायचीच आहे, पण वेगळ्या कारणाने. ते पुढे येईल. पत्र मराठीत का, तेही तिथेच कळेल.

आधी भीती कसली वाटते ते सांगतो, म्हणजे नंतरचं कौतुक खुशामत वाटणार नाही.

तुमचा आधीचा गेम 'सायबरपंक २०७७' १६ एप्रिल २०२० ला येणार होता. मग १७ सप्टेंबर झालं, मग १९ नोव्हेंबर, आणि शेवटी १० डिसेंबर. त्या दिवशी भारतात पीएस५ (सोनीचा नवा प्लेस्टेशन) अधिकृतपणे विकायलाच आलेला नव्हता; तो आला २ फेब्रुवारी २०२१ ला, ४९,९९० रुपयांना. म्हणजे इथे ज्याने प्लेस्टेशनसाठी गेम घेतला, त्याच्या नशिबी पीएस४च होता. आमच्या वाट्याला आले ते धुरकट चेहरे, रस्त्यात अचानक उगवणाऱ्या गाड्या आणि मध्येच बंद पडणारा गेम. परीक्षकांना आधी दिलेल्या प्रती पीसीच्या होत्या, त्यामुळे जुन्या कन्सोलवर काय वाढून ठेवलंय याची वार्ता कोणालाच नव्हती. आठवड्याभरात सोनीने गेम आपल्या स्टोअरमधून काढला. तो परत आला जून २०२१ मध्ये.

जानेवारी २०२१ मध्ये तुमचे सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी व्हिडिओ काढून जबाबदारी घेतली, ते बरं केलं. पण त्यात त्यांनी असंही सांगितलं, की लोकांना आलेल्या अडचणींपैकी बऱ्याचशा चाचण्यांमध्ये दिसल्याच नव्हत्या. टेस्टिंगमध्ये उमेदवारी केलेल्या आमच्या मित्रमंडळींत हे वाक्य अजून चेष्टेचा विषय आहे. बग टेस्टरला दिसतो हो. तो 'लो प्रायॉरिटी' करून पुढच्या रिलीजवर कोण ढकलतं, हे पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

आणि त्याआधी २०२० मध्ये, सक्तीचा ओव्हरटाइम करायला लावणार नाही असं आधी जाहीर बोलून, शेवटच्या टप्प्यात तुम्ही लोकांना आठवड्याचे सहा दिवस कामाला लावलंत. पुढे २०२३ मध्ये सुमारे शंभर जणांना घरी पाठवायचं ठरलं. हा तुमच्या घरातला प्रश्न आहे, आम्ही कोण बोलणारे, असं वाटेल. पण थकलेल्या माणसाने लिहिलेला कोड कसा असतो, ते आम्ही सोमवारी सकाळी उघडून बघतो. गेम वर्षभर उशिरा आला तर आम्ही कुरकुरू, मीम करू, आणि गप्प बसू. शनिवारी ऑफिसात बसवून केलेला गेम नको.

एक मात्र मान्य केलंच पाहिजे: तुम्ही गेम टाकून पळाला नाहीत. सप्टेंबर २०२३ मधला २.० पॅच आणि पाठोपाठ आलेला 'फँटम लिबर्टी' हा जोडभाग यांनी 'सायबरपंक' अक्षरशः नव्याने बांधून दिला. आज तो गेम मी कोणालाही निर्धास्तपणे सुचवतो. फक्त आता आमच्यातल्या अनेकांनी त्यातून भलताच धडा घेतलाय: सीडी प्रोजेक्टचा गेम आला की तीन वर्षं थांबायचं, सेलमध्ये घ्यायचा. तुमच्या हिशेबाच्या वहीला हे परवडणार आहे का?

जून २०२५ मध्ये, अनरिअल इंजिन बनवणाऱ्या एपिक कंपनीच्या कार्यक्रमात तुम्ही 'विचर ४'चा जो डेमो दाखवलात, तो आम्ही थांबवून थांबवून बघितला. कोविर प्रदेशाचे डोंगर, घोडीवरून उतरणारी नायिका सिरी, वाल्ड्रेस्टच्या बाजारातली शेकडो माणसं, आणि हे सगळं साध्या पीएस५ वर, रे ट्रेसिंगसकट (खऱ्यासारखा उजेड-सावली), सेकंदाला साठ फ्रेम्सनी. 'साध्या' हा शब्द ऐकून इथे अनेकांनी सुटकेचा श्वास टाकला, कारण इथे आहे तो साधाच आहे. पण हा गेम नव्हे, तंत्रज्ञानाचं प्रात्यक्षिक आहे, हेही तुम्हीच सांगितलंत. मग खरा गेम दाखवाल तो याच मशीनवर दाखवा. एक्सबॉक्स सिरीज एस या कमी ताकदीच्या कन्सोलवर कसा चालतो तेही दाखवा. गेम ज्यावर बांधतात ते स्वतःचं रेडइंजिन सोडून तुम्ही अनरिअल ५ घेतलंय. त्या इंजिनावरच्या गेमांची एक खोड आम्ही गेली काही वर्षं भोगतोय: नव्या भागात पाऊल टाकलं की गेम क्षणभर अडखळतो, पहिल्यांदाच आग दिसली की पुन्हा अडखळतो. ग्राफिक्स कार्ड कितीही महागाचं घ्या, हा स्टटर जात नाही. ओपन वर्ल्डचा डेटा झपाट्याने आत आणण्यासाठी तुमचे इंजिनिअर एपिकबरोबर बसून काम करतायत, ही मला त्या सगळ्या कार्यक्रमातली सर्वांत आनंदाची बातमी वाटली. ट्रेलरमधल्या तलवारबाजीपेक्षाही.

पीसीवाल्यांचं एक मागणं. आमच्याकडे अजून असंख्य लोक जीटीएक्स १६५० हे जुनं ग्राफिक्स कार्ड असलेल्या लॅपटॉपवर खेळतात, इंजिनिअरिंगला असताना घरच्यांनी 'अभ्यासासाठी' घेऊन दिलेल्या. त्यावर गेम चालणार नसेल तर चालणार नाही असं स्पष्ट छापा, प्री-ऑर्डर सुरू होण्याच्या आधी. 'मिनिमम'च्या रकान्यात एखादं कार्ड लिहायचं आणि त्यावर नेमके किती फ्रेम्स मिळतील ते गुलदस्त्यात ठेवायचं, हे बंद करा. आणि परीक्षकांना कन्सोलच्या प्रती पीसीबरोबरच, एकाच दिवशी द्या. हे एवढं जरी केलंत तरी डिसेंबर २०२० चा विषय आमच्या कट्ट्यावर पुन्हा निघणार नाही.

ट्रेलरवरून आठवलं. आमच्या गावात यूबीसॉफ्टचा स्टुडिओ आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'चा रिमेक पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ करणार, हे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालं तेव्हा इथे केवढी कॉलर ताठ झाली होती! ट्रेलर आला, जगभरातून खिल्ली उडाली, तारखा पुढे गेल्या, आणि २०२२ मध्ये काम माँट्रिऑलला गेलं. तेव्हापासून ट्रेलरवर तुटून पडणाऱ्या झुंडीत सामील व्हायला मला नको वाटतं. अर्धवट काम बाहेर दाखवायचा निर्णय वरचे घेतात, शिव्या खालचे खातात. 'विचर ४'चा तुमचा डिसेंबर २०२४ चा ट्रेलर देखणा होता, पण तो आधीच रेंडर केलेला, म्हणजे सिनेमासारखा बनवून ठेवलेला होता. सुंदर होता आणि त्यावरून काहीही कळलं नाही, अशी माझी त्याबद्दलची नोंद आहे.

तरीही कथेपुरतं बरंच कळलं. ज्या गावात एका मुलीचा बळी द्यायचं ठरतं, तिथे सिरी येते, राक्षसाला मारते, आणि परत येऊन बघते तर मुलीला गावकऱ्यांनीच संपवलंय. मराठी माणसाला ही गोष्ट पहिल्या मिनिटाला ओळखीची वाटते. एकचक्रा नगरी, पाळीपाळीने जाणारं गाडाभर अन्न आणि एक माणूस, बकासुर. फक्त आमच्या गोष्टीत भीमाने बकासुराला मारलं की नगरी आनंद करते. तुमच्या गोष्टीत गावाला राक्षसच हवा असतो. हा पीळ तुम्हालाच सुचू जाणे, आणि याचसाठी आम्ही अकरा-बारा वर्षांपूर्वीचा गेम अजून उघडून बसतो.

आता तव्याबद्दल. 'विचर ३' मे २०१५ मध्ये आला. त्यात सुरुवातीच्याच गावात, व्हाइट ऑर्चर्डमध्ये, एक म्हातारी बंद झोपडीबाहेर उभी असते. तिचा तवा कोणीतरी उसना नेलाय, तो तिला परत हवाय. गेराल्ट, म्हणजे त्या गेमचा नायक, राजांना हवाहवासा वाटणारा राक्षसमार 'विचर', दार फोडून आत जातो, प्रेत बघतो, खुणा जुळवतो, आणि तव्याची काजळी खरवडून कोणीतरी शाई बनवली असं शोधून काढतो. तवा लख्ख. म्हातारी त्याला काहीबाही खायला देते. संपलं. जग वाचत नाही, राज्य बुडत नाही. हा एवढासा क्वेस्ट, म्हणजे कामगिरी, कोणीतरी बसून लिहिला, त्यात विनोद घातला, मागे एका हेराची सावली ठेवली. याच गेममध्ये स्केलिगेच्या समुद्रात नकाशाभर प्रश्नचिन्हं पेरून ठेवलेली आहेत: होडी हाका, पिंपं फोडा, पुढच्या प्रश्नचिन्हाकडे जा. ती सगळी पुसून टाकणारा एक मित्र आमच्यात आहे, पण त्याच्याशी आम्ही त्या विषयावर बोलत नाही. नव्या नकाशात किती चौरस किलोमीटर आहेत, हे कृपया सांगू नका. म्हाताऱ्या किती आहेत ते सांगा.

त्याच गेमच्या वेलेन भागातला ब्लडी बॅरन हा तर आमच्याकडे वादाचा विषय आहे. बायकोवर हात उचलणारा, दारूने बरबटलेला माणूस, आणि तरी त्याच्याबरोबर त्या पावसाळी रात्री चालताना त्याचा तिरस्कार पुरता जमत नाही. जन्माआधीच गेलेलं, नाव न मिळालेलं, नीट न पुरलेलं बाळ तिथे भूत होऊन हिंडत असतं. बॅरन त्याला उचलून घेतो, नाव देतो, उंबरठ्याखाली पुरतो, आणि ते घराचा राखणदार होतं. ज्याच्या आजीने पिंपळावरचा मुंजा आणि वेशीबाहेरचा वेताळ सांगितला, त्याला हे समजावून द्यावं लागत नाही. अपुरं राहिलेलं माणूस अपुरं राहिलं म्हणून छळतं. त्याला मारायचं नसतं, त्याचं राहिलेलं करायचं असतं. चकचकीत एल्फ आणि सोनेरी ड्रॅगन असलेल्या गेमांत आम्ही पाहुणे असतो. तुमच्या चिखलात, तुमच्या पाणथळीतल्या त्या तीन चेटकिणींच्या समोर मात्र आम्हाला घरी आल्यासारखी भीती वाटते. ट्रेलरमधला बाऊक सर्बियाकडच्या लोककथेतला. अंधारात दबा धरून बसणारा, पोरांना ज्याच्या नावाने गप्प करतात तो. आमचा बागुलबुवाच की! अशी भुतं आणखी शोधा. गावोगाव पडलेली आहेत.

सिरीबद्दल जगभर जो गोंधळ चाललाय त्यात मला गम्य नाही. चेहरा बदलला, बाईला नायक का केलं, वगैरे. 'विचर ३' हा मुळात तिच्या शोधाचाच गेम होता, मध्ये मध्ये आपण तीच होऊन खेळलोही. गेराल्टने तूसाँच्या मळ्यात द्राक्षं बघत बसावं, त्याने ते कमावलंय. माझी काळजी वेगळी आहे आणि ती मला खरोखर झोपू देत नाही असं नाही, पण आहे. सिरी एका क्षणात इथून तिथे जाते, दुसऱ्या जगांत फिरून आलीये, गेमच्या शेवटी तिने जे थोपवलं ते थोपवणं कोणा विचरच्या आवाक्यातलं नव्हतं. अशी मुलगी नव्या गेमच्या पहिल्या तासात लांडग्यांकडून मार खाणार? 'शक्ती गेली' एवढं एका वाक्यात उरकलंत तर बरं दिसणार नाही. तिने विचर होण्यासाठी ती विषारी परीक्षा दिलीये असं दिसतंय. ती परीक्षा आजवर मुलग्यांवर होत आली, त्यातले बहुतेक मेले, आणि ती पुन्हा कोणावर होऊ नये असंच गेराल्टच्या पिढीला वाटत होतं. मग ती कोणी केली, कोणी परवानगी दिली, तिने स्वतः मागितली का? एवढ्याचं उत्तर तुम्ही मनापासून लिहिलंत, तर अर्धा गेम तिथेच उभा राहील.

दुसरं दुखणं शेवटांचं. 'विचर ३'च्या एका शेवटात सिरी विचर होते, एकात सम्राज्ञी, एकात ती परत येतच नाही. तुम्ही पहिला शेवट धरून पुढे निघालायत. बरोबर आहे, कुठलातरी धरावाच लागणार. पण माझ्या ओळखीत एक जण आहे, ज्याने विचार करून तिला गादीवर बसवलं होतं. त्याचं म्हणणं, युद्धाने पिचलेल्या रयतेला एक बरी राज्यकर्ती मिळू दे. त्याच्या शंभर-सव्वाशे तासांचा निकाल आता 'तसं झालंच नाही' असा लागणार. त्याला समजूत म्हणून एखादं पात्र, एखादी अफवा, 'ती गादी नाकारून आली म्हणे' एवढं एखाद्या खानावळीतलं कुजबुजणं ठेवा. फुकट होईल काम.

या नव्या 'विचर' मालिकेचे तीन गेम सहा वर्षांत काढायचं तुम्ही २०२२ मध्ये बोलून बसलायत. शिवाय पहिल्या 'विचर'चा रिमेक, 'सायबरपंक'चा पुढचा भाग. यावर फार लिहीत नाही. वरती तारखांबद्दल लिहिलंय ते तीनदा वाचावं.

आता सवलत. १९९४ मध्ये तुमची कंपनी निघाली तेव्हा वॉर्साच्या बाजारात नकली सीड्यांचाच राज्यकारभार होता. पोलंडमध्ये मूळ प्रत विकत घेणाऱ्याला लोक वेडा म्हणत. १९९९ मध्ये तुम्ही 'बाल्डर्स गेट' पोलिश भाषेत आणला, नामवंत नटांचे आवाज घेतले, खोक्यात नकाशा, नियमांचं पुस्तक, ऑडिओ सीडी घातली, आणि नकलीपेक्षा असलीच घ्यावीशी वाटेल अशी किंमत लावली. तिथून तुमचं नशीब पालटलं. ही गोष्ट तुम्ही स्वतः अभिमानाने सांगता.

आम्ही त्याच गोष्टीत बसलोय, फक्त शहर वेगळं. तापकीर गल्लीतून सुटे भाग आणून जोडलेला पीसी, कॅम्पातल्या फुटपाथवर प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळणारी सीडी, सायबर कॅफेत तासाच्या दराने खेळणं, हे पुण्यातल्या एका अख्ख्या पिढीचं गेमिंग होतं. ती पिढी आता कमावती आहे आणि स्टीमवर यूपीआयने पैसे भरून गेम घेते. रुपयांत, परवडेल अशी किंमत दिसू लागली म्हणून ती इकडे आली, कोणाच्या धाकाने नव्हे. 'सायबरपंक' पीसीवर २,९९९ रुपयांना आला होता. पीएस५चे मोठे गेम तेव्हाच ४,९९९ वर गेले होते. नव्या गेमची किंमत डॉलरला रुपयाने गुणून लावणार असाल तर नोकरीला लागून वर्ष न झालेला, कर्वेनगरात तिघांत खोली घेऊन राहणारा मुलगा तुमचा गेम घेणार नाही. तो चोरेल असंही नाही. तो सेलची वाट बघेल, आणि तोवर कथा कोणीतरी त्याच्यासमोर फोडलेली असेल.

आणि भाषा. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाखांवर होते, म्हणजे पोलंडच्या लोकसंख्येच्या दुपटीहून जास्त. डबिंग मागत नाही, त्याचा खर्च कळतो. सबटायटल्स आणि मेनू द्या. तुमचा गेम बंदुकीचा नाही, बोलण्याचा आहे. समोर दोन पर्याय येतात, घड्याळ पळत असतं, आणि त्यातला एक निवडला की चार तासांनंतर कोणाचा तरी जीव जातो. मराठी माध्यमात शिकलेला मुलगा ते इंग्रजी वाक्य वाचेपर्यंत वेळ संपते आणि गेम परस्पर निवड करून मोकळा होतो. त्याच्या हातून बॅरनचं जे होतं ते त्याने ठरवलेलं नसतं. तुमच्या पोलिश पोरांना असं खेळावं लागू नये म्हणूनच तुम्ही १९९९ मध्ये तो खटाटोप केलात ना? मराठी लिहिणारे, गेम खेळणारे आणि रात्री जागणारे लोक इथे मुबलक आहेत. जाहिरात काढा, योग्य मोबदला द्या ('एक्सपोजर' देऊ नका), रांग लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपले,
पुण्यातले काही खेळाडू

ता. क. ग्वेंट, म्हणजे 'विचर ३'मधला पत्त्यांचा डाव, पाहिजेच. त्यावर चर्चा नाही. आणि 'विचर ३'सारखी घोडी छपरावर चढली तर तो एक बग मात्र दुरुस्त केला नाहीत तरी चालेल.